उत्तर दिले म्हणून दंड : र. धों. कर्वे आणि पुरुषांचे न विचारलेले प्रश्न

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. कथा, कविता किंवा चित्र यांवर आक्षेप नव्हता. वाचकांनी हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा खासगी बाबींविषयी पत्रे लिहून शंका विचारल्या होत्या आणि संपादकांनी त्यांना छापील उत्तरे दिली होती, एवढाच गुन्हा. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांची बाजू मांडण्यासाठी उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरोधात गेला आणि संपादकांना दोनशे रुपये दंड झाला.

या घटनेला नव्वद वर्षे उलटून गेली. दरम्यान शस्त्रक्रिया बदलल्या, औषधे बदलली, प्रयोगशाळा बदलल्या. पण मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेला तिशीतला पुरुष जो प्रश्न मनात घेऊन येतो आणि बहुतेक वेळा न विचारताच परत जातो, तो फारसा बदललेला नाही. ऑपरेशन केले तर पुरुषत्व जाईल का, हा तो प्रश्न. म्हणूनच कर्व्यांचे आयुष्य आजही आरोग्याच्या सदराचा विषय ठरते.

गणिताचा विद्यार्थी

रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूडचा. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. पुढे महर्षींनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. समाजाच्या मताविरुद्ध वागल्यास काय किंमत मोजावी लागते, हे या मुलाने घरातच पाहिले.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. झाले. विषय गणित. पुढे ते याच विषयाचे प्राध्यापक झाले आणि १९१९ च्या सुमारास अधिक शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तिथे गणिताच्या पदविकेबरोबरच त्यांनी फ्रेंच भाषा आत्मसात केली. युरोपात तेव्हा लैंगिक जीवनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला होता, संततिनियमनावर उघड चर्चा होत होती. त्या वाचनाने त्यांची दिशा पक्की केली.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कर्वे डॉक्टर नव्हते. त्यांचा पिंड गणितज्ञाचा. एखादे विधान सिद्ध होते की नाही, एवढेच ते पाहत. समाजाला ते आवडते की नाही, हा त्यांच्या लेखी वेगळा मुद्दा होता.

दवाखाना आणि राजीनामा

१९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनला संततिनियमनाचा दवाखाना उघडला. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत स्वतःच्या हिमतीवर तसाच दवाखाना सुरू केला. सरकारी मदत नव्हती, संस्थेचा पाठिंबा नव्हता. बरोबर होत्या त्या पत्नी मालतीबाई. या कामासाठी आपल्याला मूल नको, असा निर्णय या जोडप्याने विचारपूर्वक घेतला होता. मूल नसणे म्हणजे दोष, आणि तो दोष बाईचा, असे मानणाऱ्या काळात हा निर्णय किती अवघड होता, हे सांगायला नको.

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत. संततिनियमन, स्त्रीचा कामसुखावरील हक्क यांविषयी ते जाहीरपणे बोलू-लिहू लागले, तसे कॉलेजच्या चालकांना ते खटकू लागले. शेवटी त्यांना राजीनामा द्यावा लागला. चांगली नोकरी गेली, ओढाताण सुरू झाली, पण काम थांबले नाही. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार व विचार' हे त्यांचे पुस्तक आले होते. गुप्तरोगांपासून बचाव, कामशास्त्र, आहारशास्त्र, वेश्याव्यवसाय अशा विषयांवर पुढेही पुस्तके येत राहिली.

'समाजस्वास्थ्य'ची सव्वीस वर्षे

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक, लेखक, मुद्रितशोधक आणि बऱ्याचदा हिशेबनीसही तेच. मुखपृष्ठावर अनेकदा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. शरीराकडे लाजेने पाहू नये, हे त्यांना पहिल्या पानापासून सांगायचे होते. त्यामुळे अनेक घरांत हे मासिक लपवून वाचले जाई.

अंकातला सर्वांत मोलाचा भाग होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. डॉक्टरांना, वडिलांना किंवा मित्राला विचारता न येणारे प्रश्न माणसे या प्राध्यापकांना पत्राने विचारत. उत्तर थोडक्यात, स्पष्ट आणि उपदेशाविना मिळे. वीर्य जाणे म्हणजे शक्ती जाणे, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यामुळे हजारो तरुण भीतीत जगत आणि भोंदू वैदूंच्या पुड्यांवर पैसे घालवत. या भीतीतून येणारा थकवा, उदासी आणि लैंगिक दुर्बलता यांना 'धात सिंड्रोम' हे नाव भारतीय मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये दिले. त्याच्या तीस वर्षे आधी कर्वे वाचकांना सांगत होते की माणसाला आजारी पाडते ती भीती.

कर्व्यांच्या सर्व लेखनाचा गाभा एका वाक्यात मावतो. संभोग आणि संतती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी असलीच पाहिजे, असे नाही. त्यांनी ही फारकत केली ती मूल नको असणाऱ्यांसाठी. मात्र तिचा तितकाच उपयोग मूल हवे असणाऱ्यांनाही आहे, हे पुढे दिसेल.

खटले

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखामुळे त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. अपील फेटाळले गेले. १९३४ चा दुसरा खटला प्रश्नोत्तरांवरचा. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमधून देशभर पोहोचलेले नेते होते. अशा बदनाम खटल्यात उभे राहण्याची त्यांना काही गरज नव्हती. तरी ते उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा रोख असा होता की लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही. लोक अज्ञानातून प्रश्न विचारत असतील, तर अज्ञान दूर करण्याचा मार्ग उत्तर देणे हाच आहे. समलिंगी आकर्षणाविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. न्यायालयाला ते पटले नाही.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

विदर्भालाही हा वाद अनोळखी नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. संततिनियमन हवे, यावर दोघांचे फार मतभेद नव्हते. मतभेद मार्गाविषयी होते. गांधीजींचा भर संयमावर होता आणि कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. कर्व्यांची बाजू साधनांची होती. देश ज्यांच्या मागे चालला होता, ते दुसऱ्या बाजूला होते. आपण किती एकटे आहोत, हे कर्व्यांना ठाऊक असणारच.

तेव्हाचे विज्ञान

कर्व्यांच्या काळात पुरुषांच्या लैंगिकतेविषयी युरोपातही भरपूर गोंधळ होता. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टाइनाख हे वृद्ध पुरुषांची एका बाजूची शुक्रवाहिनी बांधत आणि त्याने तारुण्य परत येते, असे मानत. सिग्मंड फ्रॉइड आणि कवी येट्स यांनीही ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ १९२० मध्ये माकडाच्या वृषणाचे काप माणसावर बसवत होते. दोन्ही उपाय पुढे निरर्थक ठरले. श्रीमंत, सुशिक्षित युरोपीय पुरुषही पौरुषाच्या चिंतेने वाटेल ते करायला तयार होते, एवढे मात्र त्यातून दिसते.

खरे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. वृषण दोन कामे करतात, हे निश्चित झाले. त्यातील सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात आणि नलिकांमधल्या जागेतील पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. म्हणजे कर्व्यांनी तर्काने केलेली फारकत शरीराने आधीच केलेली होती. शुक्राणू कमी असलेल्या पुरुषाची कामेच्छा आणि ताठरता पूर्णपणे चांगली असू शकते. उलट, ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषाचे शुक्राणू भरपूर असू शकतात.

आज ते पत्र आले असते तर

पुरुषांच्या वंध्यत्वाचे सर्वांत जास्त आढळणारे आणि दुरुस्त करता येण्याजोगे कारण म्हणजे व्हेरिकोसील. पायावरच्या शिरा फुगतात तशा वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात. सर्वसाधारणपणे शंभरातील पंधरा पुरुषांमध्ये, तर वंध्यत्वासाठी तपासणीला आलेल्यांपैकी पस्तीस ते चाळीस टक्के पुरुषांमध्ये ते सापडते. बहुतेकदा ते डाव्या बाजूला असते, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे साचण्याची शक्यता वाढते. साचलेल्या रक्ताने वृषणाचे तापमान वाढते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी ते शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असावे लागते.

हा आजार रोमन काळापासून माहीत आहे. पण शस्त्रक्रियेनंतर वंध्यत्व दूर होऊ शकते, याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले ते एडिंबराच्या सेल्बी टलक यांनी, १९५० च्या दशकात. कर्व्यांना वाचकांना हे सांगता आले नाही.

आजची भीती बरीचशी भाषेतून येते. मराठीत आपण रक्ताच्या शिरेला नस म्हणतो, मज्जातंतूला नस म्हणतो आणि शुक्रवाहिनीलाही नसच म्हणतो, म्हणून तर नसबंदी. त्यात आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीच्या आठवणी घराघरांत आहेत. डॉक्टर म्हणतात, नस बांधायची आहे. रुग्णाला ऐकू येते, पुरुषत्वाची नस कापणार. म्हणून या तीन नसा वेगळ्या समजून घ्यायला हव्यात.

व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेत जांघेजवळ लहान छेद घेऊन फुगलेल्या रक्ताच्या शिरा बांधतात. शुक्रवाहिनी तशीच ठेवतात, त्यामुळे ही नसबंदी नव्हे. ताठरता आणणारे मज्जातंतू ओटीपोटात खोलवर, प्रोस्टेट ग्रंथीच्या बाजूने जातात. ते या शस्त्रक्रियेच्या वाटेत येतच नाहीत. वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेटमध्ये तयार होतो. त्यामुळे वीर्याचे प्रमाण किंवा वीर्यपतनाचा अनुभव सहसा बदलत नाही. काही पुरुषांमध्ये, विशेषतः ज्यांचे टेस्टोस्टेरॉन आधीच कमी होते त्यांच्यात, शस्त्रक्रियेनंतर ते थोडे वाढलेले दिसते. पण केवळ लैंगिक दुर्बलतेसाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा त्याचा अर्थ नाही.

धोके नाहीतच, असे म्हणणेही खोटे ठरेल. वृषणाभोवती पाणी साचणे, शिरा पुन्हा फुगणे, काही दिवस दुखणे किंवा कातडीला बधिरपणा येणे हे होऊ शकते. वृषणाच्या रोहिणीला इजा होऊन ते आक्रसणे ही दुर्मिळ पण गंभीर गुंतागुंत आहे. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत हे धोके बरेच कमी होतात.

मग शस्त्रक्रियेनंतर काही पुरुष ताठरतेची तक्रार का करतात? अनेकदा कारण मनात असते. वर्षानुवर्षे मूल होत नसते, घरचे विचारत असतात, पाळीच्या ठराविक दिवशी संबंध ठेवायचा हुकूम असतो. संभोग परीक्षेसारखा होतो आणि परीक्षेच्या धास्तीने शरीर साथ देत नाही. टाके आणि दुखणे यांची काळजी त्यात भर घालते. हे बहुधा तात्पुरते असते आणि पती-पत्नीने मोकळेपणी बोलल्यास लवकर सुधारते. तक्रार टिकून राहिली तर मात्र रक्तातील साखर, रक्तदाब, टेस्टोस्टेरॉन आणि चालू औषधे तपासावी लागतात. ताठरतेची तक्रार कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. ती लपवल्यास नुकसान मोठे होते.

आणखी एक इशारा द्यायलाच हवा. ताकदीसाठी म्हणून व्यायामशाळेत किंवा ऐकीव सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांची शुक्राणूनिर्मिती बंद पडू शकते. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम करण्याचा संदेश देणे थांबवतो. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे इंजेक्शन घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने वंध्यत्व ओढवून घेणे. पौरुष आणि प्रजननक्षमता एकच समजण्याची किंमत इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

शेवटची वर्षे

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली, दंड झाले, ते आता सरकारी धोरण झाले होते. पण त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' निघत होते. त्यांच्याबरोबरच ते थांबले. महर्षी कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र लोक विसरत चालले होते.

त्यांचे काम नात्यातल्याच शकुंतला परांजपे यांनी पुढे नेले. त्या पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या आणि १९९१ मध्ये पद्मभूषणच्या मानकरी ठरल्या. अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' चित्रपटाने आणि नंतर अजित दळवी यांच्या 'समाजस्वास्थ्य' नाटकाने कर्वे नव्या पिढीपर्यंत पोहोचले. त्यांची सगळीच मते आज टिकतील असे नाही. विज्ञान पुढे गेले आहे. पण शंका घेऊन आलेल्या माणसाला न लाजवता उत्तर द्यायचे, ही त्यांची पद्धत कोणत्याही दवाखान्यात आजही लागू पडते.

शस्त्रक्रियेआधी विचारा

नागपुरात मेडिकल किंवा मेयोच्या ओपीडीत गर्दी असते, मागे रांग असते, सोबत नातेवाईक असतात. अशा वेळी नाजूक प्रश्न ओठांवर येत नाही. म्हणून तो चिठ्ठीवर लिहून न्यावा. कर्व्यांचे वाचकही लिहूनच विचारत. चिठ्ठीत पुढील गोष्टी असाव्यात.

माझे व्हेरिकोसील हाताला लागते आहे की केवळ सोनोग्राफीत दिसते आहे? केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. माझी वीर्यतपासणी दोनदा झाली आहे का? ती सामान्य असेल तर वंध्यत्वासाठी शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. पत्नीची तपासणी सोबत झाली आहे का, आणि तिचे वय पाहता थांबण्याइतका वेळ आहे का? नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी होते. सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यात सुधारणा दिसते, पण प्रत्येकाला मूल होईलच, असे नाही. संबंध कधीपासून ठेवता येतील, हेही विचारावे. बहुधा दोन ते चार आठवड्यांनी परवानगी मिळते. आणि शस्त्रक्रियेआधीच ताठरतेची किंवा इच्छेची काही तक्रार असेल, तर ती तेव्हाच सांगावी. नाहीतर जुन्या तक्रारीचा दोष नंतर ऑपरेशनवर जातो आणि खरे कारण तपासायचे राहून जाते.